चार पाऊण तीन : अलिबागेत पायी फिरताना



सुट्टी जवळ आली की घरोघर एक प्रश्न निघतो, कुठं जायचं? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा निघतो, आजीला झेपेल का, आणि धाकटीला कडेवर कोण घेणार? मग बहुधा असं होतं की तरणी मंडळी एखाद्या डोंगरावर जातात, आजी घर राखते आणि धाकटी दारात उभी राहून रडते. आज मी तुम्हांला अशा एका गावाबद्दल सांगणार आहे, की जिथं आजी, नातवंडं आणि मधली पिढी अशी तिन्ही माणसं एका चालीनं फिरू शकतात. ते गाव म्हणजे अलिबाग. रायगड जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा असं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं, पण त्या नावाचा किल्ला गावासमोर पाण्यात अजून तसाच उभा आहे.

या गावात मी बरीच वर्षं मास्तरकी केली. येणारे-जाणारे पाहुणे पाहिले. मोटारीतून उतरतात, वाळूत शंभर पावलं टाकतात, भेळ खातात, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात आणि परत मोटारीत बसतात. त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण एवढ्या लांब यायचं आणि गाव न पाहता जायचं, हे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाच्या दारातून परतण्यासारखं आहे.

चालायला सुरुवात कुठून करावी? पहिल्या दिवशी प्रवासानं अंग आंबलेलं असतं, तेव्हा संध्याकाळी नुसतं उत्तरेला, वरसोलीच्या बाजूला वाळूवरून चालत जावं. ओहोटीच्या वेळी इथली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत जाता येतं. पोरांना खाली पाहायला सांगा. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या वाळूच्याच गोळ्यांची रांगोळी काढलेली दिसेल. ही बारीक खेकड्यांची करामत. खेकडा वाळूतलं खाद्य खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पाच मिनिटं न हलता बसलं, तर तो बिळातून बाहेर येतो. पाच मिनिटं मुलांना गप्प बसवण्याचा याहून चांगला उपाय माझ्या सगळ्या नोकरीत मला सापडला नाही.

दुसरी फेरी गावातली. ही ऊन चढण्याआधी करावी. हिराकोट पाहावा. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी तो १७२० मध्ये बांधला. चिरे एवढे मोठे की मुलं हात पसरून मोजू लागतात. आतला भाग पुढं तुरुंगासाठी वापरला गेला, तेव्हा बाहेरूनच पाहायचा. तिथून छत्रीबागेत यावं. कान्होजी १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी इथं आहे. ज्या माणसाच्या गलबतांना इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही टरकून होते, त्याच्या समाधीपाशी इतकी शांतता आहे की आजीला तिथं घटकाभर बसवावं आणि पाणी द्यावं.

याच फेरीत इस्रायल आळी लागते. बेने इस्रायल मंडळींचं प्रार्थनामंदिर इथं १८४८ पासून आहे. ही मंडळी शेकडो वर्षं कोकणात राहिली, मराठी बोलली, तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी परंपरेची कथा आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आळीचं नाव मात्र राहिलं. अलिबाग हे नावही अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून पडलं असं सांगतात, आणि तो अली बेने इस्रायल होता असंही सांगणारे आहेत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथली आणखी एक जागा तुमच्यासाठी सांगून ठेवतो. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत होती. पुढं मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून गेला की सुई बिघडते, हे आपण वर्गात होकायंत्राजवळ तार धरून दाखवतोच. तीच अडचण तिथं मोठ्या प्रमाणावर येणार होती. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागेला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ती ट्राम १९६४ मध्ये बंदही झाली. तिच्यामुळं गाव सोडून आलेली वेधशाळा मात्र अजून चालू आहे. मोजमापाच्या इमारतीत लोखंड वर्ज्य, असं तिथलं सोवळं. आत जायचं तर आधी पत्र लिहून परवानगी काढावी लागते. शाळेची सहल असेल तर जरूर काढा.

थंडीत आला असाल तर दक्षिणेला आक्षीपर्यंत एक फेरी करा. आक्षी गावात शिलाहार राजा केसिदेवराय याच्या काळचा शिलालेख आहे. वर चंद्रसूर्य आणि खाली अक्षरं. त्यातला शक काही पंडित ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचतात, आणि त्या हिशेबानं तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी ठरतो. आकड्याच्या वाचनाबद्दल मतभेद आहेत, ते पंडितांनी सोडवावेत. पण आपण जी भाषा आत्ता बोलत आहोत, तिची इतकी जुनी अक्षरं हात लांब करावा एवढ्या अंतरावर उभी आहेत, हे मुलांना दाखवायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी एखाद्या वाडीत पोपटी लावलेली असेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा घालून मडकं पालथं घालतात आणि भोवती जाळ करतात. बोलावणं आलं तर नाही म्हणू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कुलाबा किल्ला.

किनाऱ्यावर उभं राहिलं की तो समोरच दिसतो. अंतर एक-दीड किलोमीटरचं. भरतीला चारी बाजूंनी पाणी असतं. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात, आणि चांगली ओहोटी असली तर माणूस चालत जातो. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या वर्षी, १६८० मध्ये, याचं बांधकाम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून मोठ्या तयारीनं यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. तटाचे मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, तिथंच त्याचा जोर मोडतो आणि भिंत टिकते. आत गोड्या पाण्याचं टाकं आहे, आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन आहे. तटावर चाकाच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन विलायती तोफाही आहेत. पोरं तिथून हलत नाहीत.

आणि तिथंच घोटाळा होतो, श्रोतेहो. माझाच झालेला सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली संकष्टी होती. आईचा उपास. तिला किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. बरोबर मी, घरची मंडळी, माहेरी आलेली माझी बहीण आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. सकाळी साडेआठाला आम्ही वाळूत उतरलो. घोट्याएवढ्या पाण्यातून, खडकांवरून, आईचा हात धरून हळूहळू गेलो. दर्शन झालं. आईनं अथर्वशीर्ष म्हटलं. भाच्यानं दोन्ही तोफा उडवल्या, अर्थातच तोंडानं. मग कुणीतरी डबा काढला. उन्हात बसून गप्पा रंगल्या. दरवाज्यातून बाहेर आलो तेव्हा बारा वाजले होते.

समोर पाणी होतं. पण फार वाटत नव्हतं. किनारा दिसत होता, माणसं दिसत होती. मी म्हटलं, गुडघाभर तर आहे, चला. आईला मधे घेतलं, मुलाला बहिणीनं हाताशी धरलं. पन्नास पावलं गेलो असू. गुडघ्याचं पाणी मांडीला लागलं. खाली शेवाळ. आणि पाणी नुसतं उभं नव्हतं, ते बाजूला ओढत होतं. भाच्याचा पाय सुटला. तो पडला, बहिणीनं दंडाला धरून वर ओढला, त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. एक चप्पल समोरून तरंगत गेली, तिच्याकडे आम्ही सगळे पाहत राहिलो. मला पुढंही जाववेना आणि मागंही फिरवेना.

इतक्यात किल्ल्याच्या बाजूनं हाक आली. एक कोळी आजोबा दरवाज्याशी उभे राहून दोन्ही हातांनी मागं फिरा, मागं फिरा असं खुणावत होते. आम्ही फिरलो. दरवाज्याशी आल्यावर त्यांनी आधी पोराला पंचानं पुसलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘मास्तर ना तुम्ही?’’

‘‘हो.’’

‘‘आज तिथी कोणती?’’

‘‘चतुर्थी.’’

‘‘चार पाऊण किती?’’

पाऊणकी माझ्या तोंडावर होती. लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली. ‘‘तीन,’’ मी म्हटलं.

‘‘मग तीनला भरती. आणि तुम्ही बाराला पोर घेऊन पाण्यात?’’

भूगोलाच्या तासाला मी दर वर्षी फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढून भरती-ओहोटी शिकवत होतो. गणिताच्या तासाला पाऊणकी घोकून घेत होतो. या दोन तासांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वाजता भरती पुरी झाल्यावर आजोबांनी आम्हांला होडीतून किनाऱ्यावर आणून सोडलं. पैसे घेईनात. आईनं प्रसादाचा नारळ दिला, तो घेतला.

तो हिशेब आता तुम्हांला सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पंचांगात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहायची. शुक्ल पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायची. तिची पाऊणपट करायची. येतात तितके वाजता भरती. द्वितीया, दोन पाऊण दीड, म्हणजे दीडला भरती. पंचमी, पाच पाऊण पावणेचार. अष्टमी, आठ पाऊण सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास. हा आकडा दिवसालाही लागू आणि रात्रीलाही, कारण भरती दोनदा येते. भरतीच्या आधी सव्वासहा तास आणि नंतर सव्वासहा तास ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणजे जुन्या हिशेबानं दोन घटका, म्हणून पाणीही तेवढं उशिरा येतं. पाऊणकीचं मूळ हेच.

पण हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबई बंदराची भरती-ओहोटीची छापील कोष्टकं मिळतात, तीही पाहावीत. आणि काहीही पाहिलं तरी वाळूत उतरण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला किंवा घोडागाडीवाल्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. ‘‘दादा, आज वाट सुकते का? परत किती वाजता यायचं?’’ एवढं विचारायला लाज कसली?

मग कोणता दिवस धरावा? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाला, म्हणजे लेकरं अंथरुणात. त्यानंतरच्या द्वितीया ते चतुर्थी या तिथ्या कुटुंबाला सोयीच्या. ओहोटी साडेसात ते नवाच्या आसपास येते आणि पाणी अजून चांगलं उतरत असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला. मुंबईकर पाहुण्याला ती वेळ फार सोयीची वाटते. पण ते भांगाचं पाणी, ते पुरतं उतरतच नाही, वाट पाण्याखालीच राहू शकते. शिवाय सकाळची आणि संध्याकाळची ओहोटी सारखी उतरत नाही, हेही लक्षात असू द्या. काल संध्याकाळी वाट कोरडी होती म्हणून आज सकाळी कोरडी असेलच असं नाही. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच काढू नये.

आता आम्ही फसलो कशात ते पाहा. ओहोटी नऊला. बाराला म्हणजे बरोबर तीन तास झाले होते. पाणी सहा तासांत सारख्या चालीनं चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. पहिला तासभर वाटतं, पाणी तर हललंच नाही. तिथंच माणूस डबा उघडतो. आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाच्या दिवशी या किनाऱ्यावर साडेतीन-चार मीटर चढउतार होतो. म्हणजे तिसऱ्या एकाच तासात जवळजवळ एक मीटर. पाच वर्षांचं मूल उभं राहिलं तर डोकं जेमतेम वर. वाटही सारख्या उंचीची नाही. सखल जागी आधी पाणी भरतं, तेव्हा किल्ल्याजवळचे खडक उघडे दिसतात म्हणून पुढंही तसंच असेल असं समजू नये.

तेव्हा ओहोटीच्या दीड तास आधी वाळूत उतरावं. आजी बरोबर असेल तर जायला पाऊण तास धरावा. किल्ला पाहायला तास-सव्वा तास पुरतो. ओहोटीनंतर अर्ध्या तासात परतीची वाट धरावी आणि दुसरा तास संपायच्या आत सुकी वाळू गाठावी. पायात मागं पट्टा असलेली चप्पल हवी, नुसती रबरी सपाता नको. खडकावरच्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. पिण्याचं पाणी बरोबर घ्यावं, डबा मात्र किनाऱ्यावर परत आल्यावर उघडावा. आईला चालवेना असं दिसलं तर घोडागाडी करावी, त्यात कमीपणा नाही. आणि एवढं सगळं करून उशीर झालाच, तर पाण्यात उतरू नये. किल्ल्यातच थांबावं. तट आहे, सावली आहे, देऊळ आहे. होडी मिळते, नाहीतर पुढची ओहोटी आहेच. सहा तास उपाशी बसून कुणी मरत नाही.

उतरण्यापूर्वी पोरांच्या हातानं पाण्याच्या कडेला एक काठी रोवून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. परत आल्यावर काठी कुठं आहे ते त्यांनाच शोधू द्या.

ज्या शिक्षकांच्या शाळा समुद्रापासून लांब, साताऱ्याकडे किंवा वऱ्हाडात आहेत, त्यांनाही हे करता येईल. पाऊणकी आता शाळेत म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. पण रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहितो तिथंच तिथी लिहावी आणि शेजारी एका मुलानं अलिबागची भरती काढून लिहावी. महिनाभर लिहिल्यावर किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेला ते आकडे पाठवावेत आणि त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या वेळा मागवाव्यात. आपला ठोकताळा कुठं चुकतो ते मुलं आपणहून शोधून काढतील. मी हा प्रयोग केला आहे. पौर्णिमेला माझा हिशेब पाऊण तास मागं पडतो, हे मला सहावीतल्या एका मुलीनं दाखवलं.

माझा तो भाचा आता मुंबईला असतो. त्याला दोन मुलं आहेत. दर थंडीत ती येतात आणि किल्ल्यावर जायचंच म्हणतात. निघण्यापूर्वी त्याचा फोन येतो, ‘‘मामा, येत्या रविवारी ओहोटी किती वाजता?’’ मी त्याला सांगत नाही. ‘‘तिथी बघ,’’ म्हणतो, ‘‘आणि पोरांना करू दे हिशेब.’’ मग पलीकडे थोडा वेळ शांतता असते, आणि मागून धाकटीचा आवाज ऐकू येतो, ‘‘तीन पाऊण सव्वादोन!’’